गढीपुढून बूट घालून

तुम्ही कुठले, हे तुमच्या पायांकडे बघून कुणी कधी ठरवलं आहे का?

माझं ठरवलं. निलंग्याच्या कचेरीत, भर दुपारी, बापासमोर.

"ते काढ आधी," देशमुख म्हणाले. ते तहसीलदाराशेजारी खुर्चीत. मी आणि बाप पायरीखाली, उन्हात.

काढायचे होते माझे बूट. बापानंच शिवलेले. बाप साऱ्या गावाच्या मोटा शिवतो, वहाणा शिवतो. पण देशमुखांच्या गढीपुढून जाताना स्वतःच्या वहाणा हातात घेतो. आमच्या आळीतले सगळेच घेतात. मी लहानपणापासून सोलापुरात, मामाकडे. तिथल्या सवयीनं त्या सकाळी गढीपुढून तसाच गेलो. माझ्या ध्यानातही आलं नाही. गढीच्या ध्यानात आलं.

मला हवा होता मुल्की दाखला, मी या राज्याचाच रहिवासी असल्याचा. अमेरिकेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजानं मला जागा दिली, शिष्यवृत्ती दिली. आणि विचारलं: तुम्ही कोणत्या राज्याची प्रजा? पुरावा पाठवा. सोलापूरचा कारकून म्हणाला, तू जन्मानं निजामाच्या राज्यातला, तिकडं जा. निलंग्याचा कारकून म्हणाला, तू सोलापूरचा, गैरमुल्की. गावच्या देशमुखानं 'हा आमचा' म्हटलं तरच दाखला.

आणि भीती. सध्या हद्दीपलीकडून आलेला प्रत्येक तरुण कॅम्पवाला ठरतो, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून निजामाविरुद्ध लढणारा. देशमुखांनी तेवढा एक शब्द उच्चारला असता तर अमेरिका बाजूलाच, मी तुरुंगात. दारात बंदूकवाला जवान उभा होता.

"काढ रं बाबा," बाप कुजबुजला. मग हात जोडून वर बघत म्हणाला, "लई दिस भाईर ऱ्हायलंय पोरगं, मालक. त्याला ठावं न्हाई."

मी काढले. नाडी सुटेना.

देशमुख हसले. "अमेरिकेला जाऊन इंजिनेर व्हनार म्हणं ह्यो. मग आमची मोट कोण शिवंल रं? तुझा गोरा सासरा?"

कारकून हसले. जवानही हसला.

तहसीलदारानं विचारलं, "देशमुख साब, पहचानते हैं आप इसको?"

देशमुखांनी घाई केली नाही. "सकाळी वळखलं नव्हतं. आता डोस्क्यावर घे ते. घेऊन गढीपस्तोर चल. मग वळखतो."

बापानं माझ्याकडं बघितलं नाही. तो खाली वाकला. माझे बूट त्यानं उचलले आणि स्वतःच्या डोक्याकडं नेले. माझ्या वाटचं तो करणार होता.

तिथं माझ्यात काहीतरी तुटलं. धैर्य म्हणू नका त्याला. भीती तशीच होती. मी बापाच्या हातातून बूट घेतले, मातीत बसलो, पायांत घातले. नाड्या बांधल्या. सगळी कचेरी बघत होती.

"दाखला नको," मी म्हणालो.

"साहेब," देशमुख म्हणाले, "ह्या माणसाला मी वळखत न्हाई."

आम्ही वळलो. माझी पाठ बंदुकीची वाट बघत होती. फाटकापर्यंत ती वाट बघत राहिली. मागून कुणी हाक मारली नाही. बाप एवढंच म्हणाला, "तू जाशील निघून. मला हितंच ऱ्हायाचं हाय."

त्याचं हे वाक्य मला झोपू देत नाही. म्हणून आत्ता मी गाव सोडून जाणार नाही.

कॉलेजाला मी कळवलं आहे: मी कुणाची प्रजा, हे सांगणारा कागद माझ्याकडं नाही. कागदाशिवाय पुढं कधी घेणार असाल तर येईन. त्यासाठी कुणाच्या पायरीखाली उभा राहणार नाही. जागा बहुतेक गेली. जाऊ दे.

येत्या बाजारच्या दिवशी मी पुन्हा गढीपुढून जाणार आहे. बूट घालून. मला भीती वाटते. लिहिताना वाटते, तिथं जास्त वाटेल. बाप येईल की नाही, माहीत नाही.

तुम्ही या. माझ्यासोबत चाला. ज्याच्याकडं वहाणा आहेत त्यानं पायांत घालून यावं. ज्याच्याकडं नाहीत त्यानं अनवाणी यावं. पण हातात घेऊन कुणी येऊ नका.