मनोरमाबाईंच्या पुस्तकातलं एक वाक्य

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी वर्तमानपत्र माझ्यापुढं ठेवलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "शालनबाई, तुमच्या मनोरमाबाई गेल्या." आतल्या पानावर चारच ओळी होत्या. एकेकाळच्या गाजलेल्या नटी, मुलींसाठी पुस्तकं लिहिणाऱ्या लेखिका, सांगलीत राहत्या घरी निधन... उद्या प्रार्थनेनंतर तुम्हीच त्यांच्याविषयी दोन शब्द बोला, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. त्यांचंही बरोबर होतं. कॉलेजात असताना मी मनोरमाबाईंची लेखनिक होते, त्यांच्या पहिल्या पुस्तकाची अख्खी प्रत माझ्या अक्षरात छापखान्यात गेली होती, हे रहिमतपूरच्या आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मी घसा बसल्याचं निमित्त सांगितलं आणि बोलले नाही. त्याला आता तीन आठवडे झाले. जे तेव्हा बोलवलं नाही, ते लिहून बघते आहे.

आमचं गाव तासगावजवळ. मी अकरावीला असताना बाई तासगावच्या शाळेत व्याख्यानाला आल्या होत्या. नाटकातली बाई म्हणून आम्ही मुली त्यांच्या अंगावरचे दागिने बघायला टपून बसलो होतो, तर त्या साधं सुती पातळ नेसून आलेल्या, हातात दोन बांगड्या. लाउडस्पीकर बंद पडला होता. त्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाल्या, "मुलींनो, आत्ता तुमच्यातल्या किती जणी मान खाली घालून बसल्यात, सांगू?" आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि मग हसू फुटलं. त्या दिवशी बाई जे बोलल्या त्याचंच पुढं 'मान वर कर, पोरी' हे पुस्तक झालं. मुलगी म्हणजे घरातलं उधार आणलेलं भांडं नव्हे, तिनं स्वतःला कमी लेखलं की जग तिला त्याहून कमी लेखतं, असं ते सगळं होतं. आज ते कुणीही बोलतं. आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

अकरावीची मॅट्रिक झाली आणि आबांनी शिक्षण पुरे म्हटलं. आबा फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. मी धीर करून बाईंना पत्र टाकलं. उत्तराची वाट बघत होते, तर आठव्या दिवशी एस.टी.तून बाईच उतरल्या! द्राक्षाच्या मांडवाखाली आबांनी पोतं अंथरलं, त्यावर त्या मांडी घालून बसल्या आणि सरळ विचारलं, "आबा, फौजेत बंदूक साफ न करता ठेवत होता का हो?"

"छ्या! कोर्ट मार्शलच हुईल की."

"मग या पोरीची अक्कल का गंजू देता?"

आबांनी मिशीवर हात फिरवला. मग म्हणाले, "बाई, तुमी लय पोचलेल्या हायसा." आणि मी सांगलीला कॉलेजात गेले. हे ऋण मी नाकारत नाही. बाई त्या दिवशी आल्या नसत्या तर आज मी शाळेत शिकवत नसते.

सांगलीत रोज संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी त्यांच्या घरी जायची. बाई खोलीत येरझारा घालत सांगायच्या आणि मी लिहायची. लिहून झालं की तेच मला उभं करून मोठ्यानं वाचायला लावायच्या. "बसून वाचलेलं वाक्य बसकंच ऐकू येतं. ऊठ. दोन्ही पाय टेकव. आवाज पोटातून येऊ दे." पंचवीस वर्षं नाटकात काढलेली बाई, मूलबाळ नाही, नवऱ्याचा विषय कधी निघाला नाही... त्या मला पोरी म्हणायच्या आणि मला ते खरं वाटायचं. म्हणूनच एका संध्याकाळी मी त्यांना अक्काची गोष्ट सांगितली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण इंदू. तिला म्हसवडला दिलेली. त्या साली सिद्धनाथाच्या यात्रेला मी तिच्याकडं गेले होते. बांगड्यांच्या दुकानापुढं तिनं बाही मागं सारली, तर डाव्या मनगटावर भाजल्याचा लांब डाग. मी हात धरून ठेवला तेव्हा तिनं सांगितलं... मला माहेरी न्या, असा निरोप तिनं एका बाईच्या हाती पाठवला होता. तो सासूच्या कानावर गेला आणि सासूनं तापलेलं उलथनं लावलं. "आबास्नी सांगू नगंस," ती म्हणाली. "त्ये येतील, भांडतील, आनि निघून जातील. मागं मला हितंच ऱ्हायाचं हाय." मी सिद्धनाथाच्या देवळाकडं बघून कुणालाच न सांगण्याची शपथ घेतली.

ती शपथ मी बाईंपुढं मोडली. बाईंनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले, कुणाला सांगणार नाही म्हणाल्या.

दुसरं पुस्तक निघालं तेव्हा मी बी.एड.ला साताऱ्याला होते, त्याची छापखान्याची प्रत माझ्या हातची नव्हती. बाईंनी सही करून पोस्टानं पाठवलं. मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून वाचत होते आणि पाचव्या प्रकरणाशी थांबले. 'म्हसवडच्या यात्रेत मला एक तरुण बाई भेटली...' डावं मनगट, उलथनं, निरोप, सगळं तिथं होतं. बाई कधी म्हसवडला गेल्याच नव्हत्या. आणि शेवटी लिहिलं होतं, 'मी तिला विचारलं, तू हे का सोसलंस? ती मान खाली घालून म्हणाली, माझी किंमतच तेवढी, बाई.'

हे अक्का कधीच म्हणाली नव्हती. तिनं तर निरोप पाठवला होता, आणि त्यासाठीच तिचा हात भाजला होता.

मी तशीच सांगलीला गेले. बाई केस विंचरत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि आरशातूनच म्हणाल्या, "अगं, नाव कुठं घातलंय मी? ती वाचून दहा मुली शहाण्या होतील."

"पण ती असं म्हणालीच नव्हती, बाई."

"प्रयोगाला वाक्य लागतं, शालन." मग वळल्या. "आणि मी लिहिते हे तुला ठाऊक नव्हतं का, मला सांगताना?"

मी पुस्तक पिशवीत टाकलं आणि साताऱ्याची एस.टी. धरली.

ते पुस्तक बक्षीस म्हणून म्हसवडच्या शाळेत पोचलं. अक्काच्या दिरानं ते तिथून आणून, अक्काच्या माघारी, घरात वाचून दाखवलं. घरातली गोष्ट नाटकवालीला सांगते म्हणून अक्काचं माहेर बंद झालं. पुढं आई आजारी पडली, अक्काला आणायला आबा दोनदा म्हसवडला जाऊन रिकामे परत आले. आई गेली तेव्हा अक्का दहाव्याला आली, दिराच्या मागं मागं. माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "त्या बाईला म्या वळखत बी न्हाई. तुला वळखत हुते." नंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

पुढं तिच्या मुलीला, मंगलला, शाळेतून काढायचं घाटत होतं, तेव्हा अक्का स्वतःच पोरीचा हात धरून त्या घरातून बाहेर पडली. म्हसवडातच एक खोली घेतली आणि शिवणयंत्रावर बसली. कुठलं पुस्तक वाचून नव्हे. मग तिनं मला बोलावणं धाडलं, आणि आम्ही परत बहिणी झालो.

बाईंना मी शेवटचं भेटले गेल्या वर्षी. घशाच्या दुखण्यानं त्यांचा आवाज गेला होता. कुजबुजल्यासारखं बोलत होत्या. त्या दुसऱ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. मी म्हटलं, "बाई, ते प्रकरण काढा." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि ओठांनीच सांगितलं, "काढते." मी विश्वास ठेवला... पुन्हा.

त्या गेल्यानंतर आठवड्यानं नवी आवृत्ती शाळेच्या ग्रंथालयात आली. प्रकरण होतं तिथंच होतं. म्हसवडच्या जागी 'माणदेशातलं एक गाव' झालं होतं आणि डावं मनगट उजवं झालं होतं. ते वाक्य मात्र जसंच्या तसं. एवढ्यानं आपण शब्द पाळला, असं बाईंना खरंच वाटलं असेल का?

मागच्या रविवारी ते पुस्तक घेऊन मी म्हसवडला गेले. बाई गेल्याचं सांगितलं. अक्कानं यंत्र थांबवलं. "लय तरास झाला का त्यास्नी?" तिनं विचारलं. मी मानेनंच हो म्हटलं. मग ती म्हणाली, "वाच बघू, काय लिवलंय माज्यावर. म्या कवा ऐकलंच न्हाई."

मी वाचलं. उलथन्यापाशी तिचा चेहरा हलला नाही. शेवटच्या वाक्याला मात्र तिनं हात वर केला.

"आसं म्या कवा म्हनले?"

"न्हाई म्हनलीस, अक्का."

"मग खोड त्ये."

मी पेन काढलं आणि शाळेच्या प्रतीतलं ते वाक्य गडद रेघ ओढून खोडलं. ती वाकून बघत होती. "आनि हात डावा हाय. डावा लिव. बाकीचं ऱ्हाऊ दे, त्ये झालंया." तिनं पुन्हा यंत्र सुरू केलं. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आनि आता खाली बस की. हुबी का ऱ्हायलीस मगापासनं?"

मी उभी आहे हे मला कळलंच नव्हतं. दोन्ही पाय टेकवून, आवाज पोटातून काढत मी ते सगळं वाचलं होतं. वर्गातही मी तशीच वाचते, बसून मला वाचताच येत नाही. बाईंना मी माफ केलेलं नाही, आणि करीन असं वाटत नाही. पण मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं की बाहेर येतो तो आवाज त्यांनीच घडवलेला असतो... आणि तो परत कसा करायचा, ते मला कळत नाही.