जमनाबाईंनी अंगठा द्यायला नकार दिला तेव्हा…

त्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती आणि मी फॉर्म घेऊन तांड्यावर गेले होते. तीन अंगठ्यांपैकी दोन मिळाले होते… तिसरा जमनाबाईंचा. त्या सरळ म्हणाल्या, "मी नाही देत."

ही पासष्टच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. पांढरकवड्याहून घाटंजीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मी नवी मास्तरीण होते, वय एकवीस. गावातले तीन जवान सीमेवर होते, जमनाबाईंचा नवरा त्यांतलाच एक, आणि तिघांच्याही घरी वावर, म्हणजे शेत, बघायला पुरुष माणूस नव्हतं.

गावात रहीमचाचा होते. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात त्यांनी पारावर सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "पोट्टे तिकडं लढून राह्यले, अन् इकडं त्यांचं वावर पडीक राहिलं तं आपन कोनत्या तोंडानं जेवाचं?" बस्स… तेव्हापासून दर रविवारी पंधरा-वीस जण या तीन वावरांत जाऊ लागले. निंदण, मग कापसाची वेचणी. पत्रं वाचायचं आणि लिहायचं काम माझ्याकडे.

मग कळलं, की जवानांच्या कुटुंबांना सांभाळणाऱ्या गावांना जिल्ह्याकडून मानपत्र मिळणार आहे. सगळं गाव हरखलं. आमच्या गावाला सरकारदरबारी कोणी ओळखतच नव्हतं हो… रस्ता मागितला तरी "हे कुठं आलं?" असं विचारायचे.

फॉर्म मी भरला. एका बाजूला मदत मिळालेली कुटुंबं, दुसऱ्या बाजूला मदत करणारे स्वयंसेवक. तिन्ही घरच्यांचा अंगठा हवाच होता, त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता.

आणि जमनाबाई अडून बसल्या. मला वाटलं, दोन महिने नवऱ्याचं पत्र नाही म्हणून मन थाऱ्यावर नसेल. मी समजावायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "बाई, कौसल्याबाईच्या वावरातला कापूस कोनं येचला?"

मी फॉर्मवरून मान वर केली, तशा त्याच पुढे म्हणाल्या,

"तुमी लोकं मायाकडं आले, मी नाही म्हनत नाही. पन मी बी तुमच्यासंगंच होती ना दर ऐतवारी? मंग त्या दुसऱ्या यादीत माहं नाव काहून नाही?"

खरं सांगते, कानशिलं तापली माझी. कौसल्याबाई म्हणजे दुसऱ्या जवानाची म्हातारी आई, डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं त्यांना. त्यांच्या वावरात दर रविवारी सगळ्यांत आधी पोचायच्या त्या जमनाबाईच. कमरेला ओटी बांधून त्या माझ्याच शेजारच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, वेचायच्या. आणि मी यादी करताना ही बाई मला दिसलीच नाही… कारण मनात मी तिला 'मदत घेणारी' ठरवून टाकलं होतं.

तिथंच, त्यांच्या अंगणात बसून मी त्यांचं नाव स्वयंसेवकांत लिहिलं. त्यांनी ते बोटानं चाचपलं, मग दोन्हीकडे अंगठा उठवला.

चार दिवसांनी पांढरकवड्याहून साहेब चौकशीला आले. यादी पाहताच कपाळाला आठ्या. "एकच बाई दोन्हीकडे? असं चालत नाही. एक नाव खोडा, नाहीतर अर्ज परत जाईल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. गावाचं मानपत्र माझ्या हातून जाणार, अशी भीती वाटली. रहीमचाचाच म्हणाले, "साहेब, वापस गेला तं जाऊ द्या. पन जे लिहिलं ते सच हाय."

साहेबांनी जमनाबाईंना विचारलं, "तुम्हाला स्वतःलाच मदत लागते, मग दुसऱ्याकडे कशाला जाता?"

त्यांनी पदर नीट केला. "मालक तिकडं उभे हायेत साहेब. घरी बसली तं नुसती पत्राची वाट पाहून पाहून जीव जाईन माहा. या बुढीचा कापूस येचला का दिवस निंगते."

तेवढ्यात मागून कौसल्याबाई बोलल्या, "मंग माहं बी नाव त्या बाजूनं लिव्हा. हे सारे वावरात जात, तवा यांची लेकरं कोन सांभाळे? मीच ना!"

लोक हसले… साहेबही हसले. नंतर माझ्याकडे एक कोरा कागद मागितला आणि म्हणाले, "बाई, हे आत्ता जे बोलल्या ना, ते जसंच्या तसं लिहा. मी सोबत जोडतो. वचन देत नाही, पण जोडतो."

उन्हाळ्यात पत्र आलं. मानपत्र मंजूर! पांढरकवड्याला कार्यक्रम झाला, गावाचं नाव पुकारलं, आणि रहीमचाचांनी स्वतः न उठता दोघींना पुढे केलं. जमनाबाईंनी कौसल्याबाईंचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. मानपत्र एकाच वेळी चार हातांत होतं.

त्याआधीच जमनाबाईंच्या नवऱ्याचं पत्र आलं होतं, आणि पेरणीच्या आधी तो रजेवर घरी आला. तांड्यावर केवढा आनंद! मला वाटलं, आठ दिवस काही तो घराबाहेर पडायचा नाही. पण पहिल्याच रविवारी पाहते तर गडी वखर घेऊन कौसल्याबाईंच्या वावरात. त्यांचा मुलगा अजून सीमेवरच होता ना… आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून म्हातारी त्याला सांगत होती, "हळू हाक रे बापू, बैल माहे म्हातारे हायेत!"

त्या गावात मी शिकवायला गेले होते. माणसाला नुसता घेणारा समजू नये, त्याच्याकडेही द्यायला काहीतरी असतं, हे मात्र मी तिथं शिकले… जमनाबाई, तुमचे उपकार आहेत माझ्यावर.