एका आठवड्याचे मालक

शिरगावचे कृष्णकांत सावे वर्षातला एकच आठवडा मालक असतात, पण रुबाब वर्षभर पुरवतात. बोईसरच्या एका हॉटेलात सुट्टी-क्लबची माहिती ऐकली की फुकट कुकर मिळतो म्हणून ते सुलूवहिनींना घेऊन गेले आणि मनोरकडच्या एका पाणी-खेळांच्या रिसॉर्टमधला मे महिन्याचा एक आठवडा, पंचवीस वर्षांसाठी, विकत घेऊन आले. कुकरचं झाकण कधी नीट बसलंच नाही. रिसॉर्टवर मात्र त्यांचा जीव बसला. क्लबची निळी टोपी घालूनच ते वाडीत केळींना पाणी सोडतात.

वाडीवाला माणूस आपली जागा मोकळी कशी ठेवील? दुसऱ्याच वर्षी त्यांनी खोलीच्या खिडकीखाली घरचं चिकूचं कलम लावलं.

"काका, जागा तुमची नाय," तिथला माळी झिपरू म्हणाला.

"मग पैसे काय हवेचे भरले?"

झिपरूला ते पटलं असावं. उरलेलं वर्ष कलमाला पाणी तोच घालू लागला.

त्या कलमानेच वहिनींची वाट अडवली. क्लबमध्ये आपला आठवडा बदलून दुसऱ्या रिसॉर्टला जाता येतं. महामार्गावर पुढे नवं रिसॉर्ट झालं होतं. भलीमोठी घसरगुंडी, यंत्राच्या लाटा. दरवर्षी वहिनी विषय काढत, दरवर्षी कृष्णकांत चिकूवर येत.

"समुद्र घराशेजारी हाय, आणि लाटा बघायला गाडी करायची?"

"समुद्रावर जो तो विचारतो, वयनी, आज काय रांधलं? मला गपचूप लाटेत बसायचंय. आणि गुडगे चालतायत तवर त्या घसरगुंडीवरून यायचंय. झाडाला काय, ते दहा वर्षांनी पण तिथंच असेल!"

यंदा कृष्णकांतांनी आठवडा बदलला. तोंड एवढंसं करून. खोलीत एक खाट जास्तीची होती, म्हणून मलाही, शेजारच्या मास्तराला, बरोबर घेतलं.

निघायच्या सकाळी झिपरूचा फोन आला. चिकू तयार झाले होते. पहिलं फळ झाड लावणाऱ्याने आपल्या हाताने फोडायचं, अशी या घरची रीत.

"सुलू, एवढ्या वर्षी जुन्याच…"

"तुमी उतरा झाडापाशी. मी नि मास्तर पुढं जातो."

शेवटी जाताना जुन्या फाटकाशी गाडी थांबवली. पहारेकऱ्याने कृष्णकांतांची टोपी पाहून सलाम ठोकला, पण आत सोडेना. त्यांचा आठवडा दुसऱ्या कुणाच्या नावावर होता.

"अरे, आत माझं झाड हाय!"

"सगळे म्हणतात माझी खोली हाय. झाडवाले तुमीच पयले."

झिपरूने फाटकाच्या गजांतून फळं हातात दिली. कृष्णकांतांनी नखाने साल खरवडली. आत हिरवं नव्हतं. तोडणी बरोबर होती. पण झाडावरून काढलेला चिकू लगेच खाता येत नाही. त्यांनी टोपी काढली, फळं तीत निजवली आणि मांडीवर घेऊन बसले.

नव्या खोलीत टोपी कपाटात ठेवली. आता करायला काहीच उरलं नाही, आळं नाही की पाणी नाही. वहिनींनी त्यांचा हात धरून घसरगुंडीवर चढवलं. वरून वाकून पाहताच ते जिना उतरायला वळले. वहिनींनी मागून ढकललं. खाली ते अशा आरोळीसह आले की पोहणारी माणसं काठाला लागली. मला वाटलं, संपलं आता. तर टकलावरचं पाणी पुसत ते ओरडले, "सुलू, तू पण ये! मी खाली उभा राहतो!"

वहिनी आल्या, हसत, किंचाळत, गुडघ्यांसकट. मग दोघांना खेचून बाहेर काढायचं काम माझं झालं. त्यांना जेवणाची घंटा ऐकू येईना, वय आठवेना.

निघायच्या दिवशी खोलीत गोड वास दरवळला.

"चिकू!" कृष्णकांत कपाटाकडे धावले.

फळं पार मऊ झाली होती. अंगावरून पाणी ठिबकत असताना त्यांनी पहिलं फळ फोडलं आणि अर्धं वहिनींच्या तोंडात घातलं. रस कोपरापर्यंत ओघळला.

"आपल्या वाडीचीच चव," ते म्हणाले आणि चोखत चोखत खिडकीशी गेले. खाली वाकून माती पाहिली. "जागा बरी हाय. पुढच्या वर्षी एक कलम…"

"हात लावाल तर बघा!" वहिनींनी खिडकी लावून टाकली. "पुढच्या वर्षी तिसरीकडं!"

"तिथली घसरगुंडी हिच्याहून उंच हाय का?" कृष्णकांतांनी विचारलं.