आक्का परड्यात येतात

जेवण झालं की गिरजाची बाज परड्यात, मागच्या दाराशी ओढली जाते. माघ सरत आलाय. सकाळी अजून शाल लागते, पण दुपारचं ऊन आता अंगाला चांगलंच भिडतं आणि त्या उन्हात डोळे आपोआप जड होतात. आधी आतल्या भांड्यांचा आवाज लांब जातो. मग गल्लीतल्या रिक्षाचा. शेवटी नुसता पांगारा उरतो, परड्याच्या पार टोकाला, कुंपणाशी. पान एक नाही आणि अंगभर लाल फुलं, आणि फुलांवर साळुंक्यांचं भांडण. मग कुणी दार हळूच लोटून घ्यावं तसं तेही बंद होतं.

दिवाळीच्या तोंडावर गिरजाच्या अंगावरून वारं गेलं. तोंड सावरलं, बोलणं सावरलं, डाव्या हातापायात मात्र जीव आला नाही. रोज उभं करा, चालवा, नाहीतर पुढं अवघड होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिची सून महानंदा रोज उभं करायचीही. पण एक दिवस पाय लटपटला, गिरजा न्हाणीच्या तोंडाशी आडवी झाली, आणि त्यानंतर तिनं नाही म्हणून जी मान हलवली ती हलवलीच. उद्या बघू, म्हणायची. महानंदा तेल चोळते, डाव्या तळहातावर गरम पाण्याची पिशवी धरते आणि विचारते, कळतंय का? काही कळत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या मांडीवर विसरून राहिलाय, असं वाटतं.

मग दिवसभर करायचं काय, तर पाखरं बघायची. लाकडांच्या ढिगाखालून निघणारं मुंगूस कोणत्या वेळी ऊन खायला येतं ते तिला ठाऊक आहे. थंडीभर मुका राहिलेला दयाळ आता टाकीवर चढून शीळ घालायला लागलाय. शिंजिराची मादी वाळत घालायच्या तारेवर कोळ्याच्या जाळ्यानं घरटं विणतेय. आणि तो थिरथिरा, तांबड्या पोटाचा, सारखी शेपूट थरथरवणारा, दसऱ्याला कुठून तरी लांबून येतो आणि ऊन तापायच्या आत निघून जातो. आक्का त्याला पाहुणा म्हणायच्या.

आक्का म्हणजे थोरल्या जाऊबाई, मल्लव्वा. दोघींनी सगळा जन्म एका चुलीशी काढला. गेल्या श्रावणात आक्का गेल्या.

आणि आता त्या धुण्याच्या दगडावर बसल्या आहेत.

डोळे मिटलेले असून गिरजाला हे स्पष्ट दिसतं. आक्कांच्या अंगावर ती जुनी हिरवी इरकल आहे, पदर कमरेला खोचलेला. राखेनं पातेलं घासताहेत. आक्का गेल्यात हेही गिरजाला माहीत आहे आणि पातेल्याचा खरखर आवाजही येतोय, आणि दोन्हींत काही वावगं वाटत नाही. तिला फक्त आईनं सांगितलेलं आठवतं. गेलेलं माणूस स्वप्नात न्यायला आलं तर उठून जाऊ नये.

"न्यायला आलाय व्हय?" ती विचारते.

आक्का वर बघत नाहीत. पाखरांच्या पाण्याचं परळ कोरडं कसं, म्हणून विचारतात. गिरजा बघते तर खरंच, भिंतीवरचं मातीचं परळ कोरडं पडलंय, तळाशी मातीची पापडी धरलीय, आणि एक बुलबुल काठावर बसून त्यात चोच घालून बघतोय. गिरजा सांगते, सून कामात असते, तिच्या ध्यानात राहत नाही, आणि माझा तर डावा हात गेला.

"आणि उजवा?" आक्का म्हणतात.

पातेल्यातून वाफ यायला लागते. दगडाच्या जागी चूल आहे, वर छपराला धूर कोंडलाय, आणि गिरजा नवी नवरी आहे. पुढ्यात भाकरीचं पीठ आणि ते काही केल्या वळत नाही. थापायला गेलं की चिरतं. सासूबाई बाहेर बसल्यात, पुरुष जेवायला यायचेत. आक्का शेजारी मांडी घालून आपली भाकरी थापताहेत. त्यांनी गिरजाच्या हाताला हात लावला नाही, तेव्हाही नव्हता लावला. गिरजाला त्याचा किती राग आला होता. आक्का म्हणाल्या होत्या, मोडली तर मोडू दे, परत मळ, पीठ काही पळून जात नाही. चुलीच्या उजेडात एक थिरथिरा तव्याच्या कडेला बसलाय आणि शेपूट थरथरवतोय. त्याला तवा भाजत नाही.

ती त्याला हाकलायला हात उचलते तर हाताला सलाईनची नळी आहे. दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा. खाटांच्या दोन्ही रांगांवर पांगाऱ्याची फुलं पडताहेत, आवाज न करता. एक खार एका पांढऱ्या चादरीवरून दुसऱ्या चादरीवर उडी मारत जाते. आक्का पुढं चालल्यात. दोन्ही पायांनी त्या नेहमी थोड्या फेंगड्या चालायच्या, तशाच. व्हरांड्याच्या टोकाला दार नाही, परड्याचं कुंपण आहे आणि पांगारा आहे. कुंपणात एका जागी वाट पडलेली. पलीकडं नदीवर सकाळी असतं तसं धुकं, आणि त्या धुक्यात पाखरंच पाखरं. धोबी पक्षी, थिरथिरे, आणि नावं माहीत नसलेली किती तरी. सगळी एकाच दिशेला तोंड करून थांबलीत.

"निघाली ही सगळी," आक्का म्हणतात. "मीपण जाते आता."

"मीपण येते," गिरजा म्हणते.

हे बोलायला तिला काही वाटत नाही. उलट किती तरी दिवसांनी छातीवरचं ओझं कुणी उचलल्यागत होतं. रोजचं ते अंग पुसून घेणं, कुणीतरी कूस बदलून देणं, सुनेनं घाईघाईत घास भरवणं, सगळं सुटेल. ती खाटेवरून पाय खाली सोडते. उभी राहते. आणि चालायला लागते. फुलांचा चिखल झालाय, तो पायाखाली गार लागतो. आक्का कुंपणाच्या वाटेतून पलीकडं होतात. गिरजा झपाझप त्यांच्या मागं जाते, पांगाऱ्यापर्यंत पोचते, बुंध्याला हात टेकून दम घेते.

तेव्हा आक्का वळतात.

"तू कुणीकडं?"

"तुमच्यासंगं."

आक्का तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघतात. पीठ चिरल्यावर बघायच्या तसं.

"माझ्यासंगं यायला पाय चालतोय तुझा," त्या म्हणतात, "आणि परळात पाणी घालायला न्हाई?"

गिरजा खाली बघते. डावा पाय मातीत रोवलेला आहे. तिचाच. डावा हात बुंध्यावर आहे, पाची बोटं पसरलेली. तिला एकदम राग येतो, चुलीशी आला होता तसाच, डोळ्यांत पाणी आणणारा. ती म्हणते, तुम्हाला सांगायला काय जातंय, तुम्ही सुटलात, मला पडायची भीती वाटते. न्हाणीच्या तोंडाशी पडले तेव्हा सून आली नसती तर तशीच राहिले असते.

आक्का हे सगळं ऐकून घेतात. मग सांगतात, मीही शेवटच्या वर्षात किती तरी वेळा पडले. तुला कळू दिलं नाही एवढंच.

"धरा मला," गिरजा म्हणते.

"न्हाई धरणार. फीर मागं."

धुक्यात काहीतरी हलतं. सगळी पाखरं एकदम उठतात, त्यांच्या पंखांचा वारा गिरजाच्या तोंडावर येतो, आणि हिरवी इरकल त्या वाऱ्यात कुठं गेली ते तिला कळत नाही.

उरतो तो कुंपणाअलीकडचा पांगारा आणि ती. घर लांब दिसतंय, बाजारपेठेच्या त्या टोकाला असावं तेवढं. दोन्ही बाजूंना भाजीवाल्या बसल्यात, आणि कुणी तिच्याकडं बघत नाही. गिरजा बुंध्याला हाताचा रेटा देते, सगळा भार त्या डाव्या हातावर टाकून अंग वळवते, आणि घराकडं तोंड करते. आता पाय पहिल्यासारखा हलका राहिलेला नाही. दगड बांधल्यागत ओढावा लागतोय. ती ओढते. लटपटते, सावरते, पुन्हा ओढते. मागं वळून बघावं असं फार वाटतं, पण ती बघत नाही. मोडलं तर मोडू दे, असं तोंडातल्या तोंडात म्हणत ती चालत राहते, आणि भाजीवाल्या संपतात, माती येते, मग बाजेची सावली.

गिरजाला जाग येते ती कुठंतरी दुखतंय म्हणून.

ऊन सरकून भिंतीवर गेलंय. ती बाजेवर जशी निजली होती तशीच आहे, शाल गळ्यापर्यंत. पांगाऱ्यावर साळुंक्या अजून भांडताहेत. दुखतंय मात्र खरं, बारीक आणि टोकदार, आणि कुठं ते तिला उमगत नाही. ती उजव्या हातानं अंग चाचपत जाते. कंबर नाही. गुडघा नाही. शेवटी हात शालीखालून डाव्या हातापाशी येतो, ती तो उचलून उजेडात धरते.

तळहातात काटा आहे. काळा, बुडाशी रुंद, पांगाऱ्याच्या बुंध्यावर असतात तसला. भोवती रक्ताचा थेंब आलाय, अजून ओला.

महानंदा चहा घेऊन येते. ती काटा बघते, मग पार टोकाच्या पांगाऱ्याकडं बघते. एवढ्या लांबून वाऱ्यानं तर येणार नाही, आणि ती स्वतः तर खिडकीशी बसून शेंगा सोलत होती, बाज तिच्या डोळ्यांपुढं होती. हे कसं लागलं, म्हणून ती विचारते.

"दुखतंय गं," गिरजा म्हणते.

महानंदाच्या हातातला चहा बशीत सांडतो. ती खाली टेकते, सासूच्या तळहाताला काट्याच्या बाजूला बोट लावते, दाबते. गिरजा "स्स" करते. महानंदा पुन्हा दाबते, दुसऱ्या जागी, आणि तिच्याकडं बघत राहते. मग पदरानं डोळे पुसून सुई आणायला उठते.

"काढू नको लगेच," गिरजा म्हणते. "जरा दुखू दे."

"अवो आत्ती, पिकंल तो."

"मग काढ. आधी मला खांदा दे."

कुठं जायचंय, असं महानंदा विचारत नाही. ती वाकते. गिरजा शाल बाजूला टाकते, उजवा पाय खाली सोडते, मग उजव्या हातानं उचलून डावा. माती गार लागते, उजव्याला जास्त, डाव्याला अगदी थोडी. ती सुनेच्या खांद्यावर भार देऊन उठते. गुडघा थरथरतो. ती थांबते, दात आवळते, थरथर ओसरेपर्यंत भिंतीवरच्या कोरड्या परळाकडं बघत राहते.

"सोड आता," ती म्हणते.