न हलणाऱ्या अंगठ्याला हुकूम

"बाई, हा जीबीएस आहे," अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. गियाँ-बारे सिंड्रोम. म्हणजे आपल्याच शरीराचे राखणदार आपल्याच नसांवर तुटून पडतात. कुंपणच शेत खातं. मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचेनासा होतो. मी विचारलं, "मी चालेन का?" ते म्हणाले, "बहुतेक पेशंट चालतात. तुमचं मात्र आज सांगता येणार नाही."

उत्तर खरं होतं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला ते आवडायला हवं होतं. मला रडू आलं.

सुरुवात रिसोडला घरीच झाली होती. जुलाबाचं साधं दुखणं होऊन गेलं आणि काही दिवसांनी तळपायांना मुंग्या आल्या. मग चालता चालता चप्पल निसटलेली कळेना. एका सकाळी न्हाणीघराचा उंबरठा ओलांडता येईना, तेव्हा शेजाऱ्यांनी जीपमध्ये घातलं. एनसीव्ही झाली, म्हणजे नसांमधून संदेश किती वेगानं जातो याची तपासणी. मग मणक्यातलं पाणी काढलं. तोवर कमरेखालचं काहीच माझं उरलं नव्हतं.

ज्यांच्या घरात हा आजार आला असेल त्यांना एक सांगते. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली संरक्षक द्रव्यं, संपली की खरी परीक्षा सुरू होते. आजार थांबतो, पण पाय लगेच परत येत नाहीत. नुसती वाट पाहायची. आणि वाट पाहायला माणसाला काहीतरी धरून बसावं लागतं.

माझ्याकडे धरायला काही नव्हतं. मी आणि माझे मिस्टर, आम्ही देवघराशिवाय संसार केला आणि मजेत केला. ते गेल्यावरही मला देवाची गरज पडली नाही. वॉर्डात मात्र प्रत्येकाच्या उशाखाली काही ना काही होतं, कुणाचा अंगारा, कुणाचा तावीज. माझ्या उशाखाली चष्म्याचं घर.

सोबतीला इंझोरीची माझी नणंद होती. भाविक, पण माझा मान राखणारी. समोरच्या खाटेवरच्या पेशंटची सासू संध्याकाळी सगळ्यांना प्रसाद वाटायची. ती माझ्यापाशी आली की नणंद घाईघाईनं म्हणे, "आमच्या वहिनीले नोका देऊ माय, त्या मानत नाईत." जसं काही मला साखरेचं पथ्य होतं. वाटी पुढच्या खाटेकडे जाई. माझ्याच आदरापोटी चाललेलं, बोलणार काय? मला देव नको होता, पण ते चिमूटभर गूळखोबरं हवं होतं. बाकीच्या बाया देवाशी कडाकडा भांडायच्या, "काहून असं केलं रे बाप्पा?" मला भांडायलाही कुणी नव्हतं. इतकं एकटं मला मिस्टर गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

रोज सकाळी फिजिओथेरपिस्ट येत, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्या बाई. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला हात लावून म्हणत, "याला हलवा."

"हलत नाही."

"नसू दे. मनातून हुकूम सोडा. निरोप जात राहिला पाहिजे."

"उपयोग होतो याला पुरावा काय?"

त्या हसल्या. "तुमचा पुरावा तुमचा अंगठाच देईल. पण नंतर."

दगडापुढे नवस बोलणाऱ्यांशी मी आयुष्यभर वाद घातले, आणि आता स्वतःच्याच अंगठ्याची विनवणी करत पडले होते. शेवटी एके दिवशी कंटाळले आणि भिंतीकडे तोंड केलं. नणंदेनं विचारलं, "वहिनी, हुकूम सोडला का आज?"

"नाही. थकले मी."

"मंग मी सोडतो. पाहू, माह्यं ऐकते का." ती माझ्या पायथ्याशी बसली आणि अंगठ्याला दम देऊ लागली, "हाल ना मेल्या! कायले रुसून राह्यला?"

दवाखान्यात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले. दुसऱ्या सकाळी पुन्हा हुकूम सोडायला लागले.

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी चादरीचं टोक हललं. नणंदेनं आधी पाहिलं. ती रडली, आणि मग भीतभीत म्हणाली, "मारोतीले रोडगे बोलली होती मी. तुमी रागवसान म्हणून नाई सांगतलं." रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, नवस फेडताना त्यांचं गावजेवण घालतात. काही महिन्यांनी नवस फेडायच्या दिवशी मी वॉकर धरून इंझोरीला गेले. हात जोडले नाहीत, पण पंगतीत बसून पोटभर जेवले.

मी आस्तिक झाले का? नाही. पण विश्वासावाचून जगता येतं, असं आता कुणाला सांगणार नाही. डॉक्टरांचा शब्द, इंजेक्शनच्या त्या बाटल्या, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशा माणसांचं रक्त, यातलं मी काय तपासून घेतलं होतं? त्या माणसांची मी ऋणी आहे.

परवा मानोऱ्याहून एका बाईचा फोन आला. नवऱ्याला हाच आजार झालाय, माझा नंबर कुणीतरी दिला. "बाई, माह्या माणसाचे पाय येतीन का वापस?"

खरं उत्तर मला पाठ होतं. पलीकडे ती श्वास धरून थांबली होती.

"येतील," मी म्हणाले.