शाहीनआपांचा कान

शाहीनआपा टीव्हीशी भांडायच्या. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या अरबीच्या वर्गात टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या परक्या देशाची सरकारी अरबी वाहिनी लावलेली असे. निवेदकानं तोंड उघडलं की आपा त्याच्यावर खडू रोखायच्या. "झूट! बेटा, ऐक. दुसऱ्याची फौज पळाली की हे 'पळाली' म्हणतात, स्वतःची पळाली की 'जागा बदलली' म्हणतात." आखातात नोकरीला निघालेल्या आम्ही नर्सेस हसत हसत क्रियापदं शिकायचो.

तिकडं युद्ध भडकलं आणि हसणं थांबलं. माझा दादा तिथल्या एका बंदरात गोदामावर होता. एका दुपारी त्याचा फोन आला. "बंदर पडलं म्हणं. टीव्हीवर दाखवलं. पोरं गाडी करून वाळवंटातनं सीमेकडं निघालीत. मी बी निघतो."

फोन तसाच चालू ठेवून मी वर्गात धावले. आपांनी ती बातमी लावली, हल्ला करणाऱ्या देशाच्या वाहिनीवरची. धूर, पळापळ आणि एक म्हातारा कोळी, रडत सांगणारा, की शहर संपलं, जीव घेऊन निघा. आपांनी ती पुन्हा ऐकली, आणि मग ताडकन उभ्याच राहिल्या.

"अगं, हा तर पुस्तक वाचतोय! असं छापील अरबी घरात कुणीच बोलत नाही. घाबरलेला माणूस कधी व्याकरण सांभाळतो का?" माझ्या हातातला फोन ओढून त्या ओरडल्या, "बेटा, टीव्ही बंद कर. गच्चीवर जा. तुझ्या डोळ्यांना काय दिसतंय ते सांग!"

दादाची जिन्यावरची धावपळ आम्ही स्पीकरवर ऐकत होतो. "आपा... क्रेनी चालू हायेत. एका बाजूला धूर हाय, पण बंदर हाय! जहाजं उभी हायेत!"

वर्गात एकच कल्ला झाला.

"मग हलू नको तिथनं," आपा म्हणाल्या.

पुढं विरुद्ध बाजूच्या वाहिनीनं त्याच शहरात सगळं आलबेल असल्याचं दाखवलं. आम्ही टाळ्या पिटल्या. आपांनी हात वर केला. "थांबा. त्या दुकानदाराच्या मागं हल्ल्याचा भोंगा वाजतोय. हाही झूट. आपल्याला आवडणारी बातमी तर दोनदा ऐकायची."

दादा सुखरूप परतला तेव्हा पेढे घेऊन आम्ही आपांकडं गेलो. तो म्हणाला, "ती गाडी सीमेवर माऱ्यात सापडली, आपा. दोघं जबर जखमी झाले. तुमच्यामुळं मी वाचलो."

आपांचा चेहरा उतरला. "मला कुठं पक्कं माहीत होतं, बेटा? एका म्हाताऱ्याच्या बोलण्यावरनं तुला थांब म्हटलं. खरंच बॉम्ब पडला असता तर? तू येईस्तोवर घास गोड लागला नाही मला."

मग त्यांनी विचारलं, "जखमी झालेली पोरं कुठली?"

"एक केरळचा. दुसरा इथलाच, मुकुंदवाडीचा. घरी एकटी आई हाय."

पेढ्यांचा पुडा न उघडताच बाजूला ठेवून आपांनी पायांत चपला सरकवल्या.

"चल, रिक्षा बोलाव."