किल्लीवाल्याचा ट्रिगरफिश

बंद दार दिसलं की किल्लीवाल्याचे हात शिवशिवायचे. घरात मात्र त्याची डाळ शिजत नसे. तिथं राज्य बायकोचं आणि तिच्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकचं. दगडांवर तिनं बोटाएवढ्या तुकड्यांपासून वाढवलेली प्रवाळं, त्यांच्यात फिरणाऱ्या कोळंब्या आणि गोगलगायी. "पोरं झाली नाहीत तेच बरं, ठेवली कुठं असती?" असं तीच हसत म्हणायची.

मग ती अंथरुणाला खिळली. आता फक्त वेदना कमी करायच्या, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यानं तिची कॉट फिशटँकसमोर आणली. वर तिला हसवायला म्हणून या शहाण्यानं ट्रिगरफिश जातीचा एक मासा विकत घेतला. "लहान आहे, गरीब आहे," दुकानदारानं सांगितलं होतं. लहान होता, एवढं खरं. त्याचे फुगलेले ओठ पाहून ती हसलीसुद्धा.

गरीब मासा वाढला आणि त्यानं कोळंब्यांचा फडशा पाडायला सुरुवात केली. गोगलगायींचे शंख दातांनी फोडले, खालची वाळू उकरून प्रवाळं पाडली. किल्लीवाला ती परत दगडांवर बसवत राहिला. तिच्यामागं तिच्या हातचं म्हणून एवढंच उरणार होतं.

एका दुपारी ती झोपलेली पाहून तो जाळी घेऊन उभा राहिला. मासा सटकन दगडाच्या भोकात शिरला आणि पाठीवरचा काटा उभा करून तिथंच घट्ट रुतला. ओढला तर मासा फाटणार, नाहीतर दगड फोडावा लागणार. पण मोठ्या काट्याला मागचा छोटा काटा आडवा येतो, हे भोकात चाचपताना या गृहस्थाच्या बोटांना चटकन कळलं. छोटा दाबला, मोठा आपोआप मिटला. मासा अंगठ्याला कडकडून चावला आणि बादलीत गेला. कित्येक दिवसांनी किल्लीवाला स्वतःवर खूश झाला.

"परत सोडा त्याला," कॉटवरून आवाज आला.

"अगं, सगळं खाऊन टाकेल!"

"खाऊ दे. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तो खातो ते बघून बरं वाटतं हो. या घरात कुणाला तरी भूक लागू दे."

"आणि तू गेल्यावर मी काय बघत बसू?"

इतके दिवस दोघांनी टाळलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं. ती रागावली नाही.

"तेव्हाचं तेव्हा बघा. आत्ता मी आहे ना?"

त्यानं मासा सोडला. थोड्या वेळानं उरलेली एक कोळंबी दगडाआडून बाहेर आली. किल्लीवाल्याला काचेवर थाप मारून कोळंबीला हाकलता आलं असतं. बायकोनं उशीवरून मान उचलली होती, म्हणून त्यानं हात खिशात घातले. काचेपलीकडून कवच फोडल्याचा कटकट आवाज आला.

"ऐकलंत?" तिनं विचारलं, आणि माशाबरोबर तिचंही तोंड हळूहळू हलू लागलं.